सायफनाच्या तोंडावरची जाळी

जाळीआबा ताणलेल्या दोराच्या रेषेत कधी उभे राहिले नाहीत. लग्नाचा मांडव असो, खुंट्याला हिसके देणारं खोंड असो, की विहिरीत मोटर उतरवण्याची कप्पी असो, आबा आले की आधी दोर कुठून कुठं गेलाय ते बघायचे आणि मग आपली जागा ठरवायचे. अवसरीतल्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी त्यांनी वरमाईला काठीनं खुणावून चार हात बाजूला सरकवलं होतं. "ताई, हितनं सरका. दोर तुटला तर मान घिऊन जाईल." वरमाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोर तुटला नाही. आबांच्या डोळ्यांदेखत कुठलाच दोर कधी तुटला नाही, आणि म्हणूनच त्यांचं कुणी ऐकत नसे.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे चुलते. माझे आजोबा लवकर गेले, तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बापाच्या जागी आबाच. महायुद्धाच्या काळात मिसरूड फुटायच्या आत आबा घरातून पळून मुंबईला गेले आणि नौदलाच्या एका बोटीवर लागले. पळून जाऊन लढाऊ जहाजावर लागले असते तर गावात दबदबा झाला असता. पण आबांची बोट लढणारी नव्हती. ती बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली पोलादी जाळी लावणारी बोट होती. शत्रूची पाणबुडी किंवा तिनं सोडलेला पाणतीर आत शिरू नये म्हणून हे पाण्यातलं कुंपण. बोटीच्या नाकाडावर पुढं आलेली दोन भक्कम लोखंडी शिंगं असत, त्यांच्यावरून जाळी उचलायची आणि सोडायची.

"शिंगं?" पारावरची म्हातारी मंडळी विचारायची. "मंग खिलार का गावठी?"

"खिलार," आबा शांतपणे म्हणायचे.

"औताला चालायची का वो?"

"समुद्राला जुपत व्हतो."

लढाई संपली तरी आबा गोदीतल्या तसल्याच कामावर राहिले आणि निवृत्त होऊन गावी आले ते हातांवर तारांचे पांढरे वण घेऊन. मी कॉलेजात असताना, म्हणजे शहाणपणाच्या शिखरावर असताना, त्यांना एकदा विचारलं होतं, "आबा, तुमच्या जाळीत किती पाणबुड्या अडकल्या?"

"एकबी न्हाई."

"मग उपयोग काय झाला?"

"एकबी आली न्हाई, ह्योच उपयोग." मग मला नीट न्याहाळून म्हणाले, "तुमाला कॉलेजात काय शिकिवत्यात रं?" त्या वर्षी मी नापास झालो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर निदान प्रामाणिकपणे मिळालं.

पुढं डिंभ्याच्या कॅनॉलला पाणी आलं. आमच्या शिवाराच्या खालच्या अंगाला कॅनॉलला ओढा आडवा येतो. तिथं कॅनॉलचं पाणी जमिनीत बुडी मारतं, ओढ्याखालच्या नळातून जातं आणि पलीकडे वर येतं. याला सायफन म्हणतात. वरून बघितलं तर भीती वाटावी असं काही नाही. पाणी गुपचूप एका काळ्या चौकोनात शिरतं, एवढंच. पहिल्याच आवर्तनात शेजारच्या वस्तीवरची कालवड त्यात गेली. पलीकडून निघाली ती दोन दिवसांनी.

त्या दिवसापासून आबा ओट्यावर नायलॉनच्या दोराची जाळी विणायला बसले. वरच्या दोराला औषधाचे रिकामे कॅन, म्हणजे ती तरंगावी. खालच्या दोराला नांगराचे जुने फाळ, म्हणजे ती तळाला टेकावी. सायफनाच्या तोंडाअलीकडे दोन्ही काठांना लोखंडी कड्या होत्या, त्यांना ही जाळी तिरपी बांधायची. आवर्तन सुटायच्या आदल्या दिवशी आबा ती लावत, पाणी चालू असेतो दिवसातून दोनदा जाऊन अडकलेला पाला काढत, आणि पाणी बंद झालं की गुंडाळून काठावरच्या खांबाला टांगत. पाच वर्षांत त्या जाळीत एक चप्पल, दोन भोपळे आणि कुणाची तरी घमेली सापडली.

माझ्या आईला याची फार मजा वाटे. आबा नात्यानं तिचे सासरे, त्यामुळे डोक्यावर पदर आणि समोरासमोर बोलायचं नाही. पण गोठ्यातल्या म्हशीशी बोलायला कुणाची बंदी नव्हती. आबा जाळी खांद्यावर टाकून निघाले की आई म्हशीला मोठ्यानं म्हणे, "बाई गं, आपल्या कॅनॉलात पाणबुडी यायची हाय म्हणं!"

आबाही म्हशीलाच सांगत, "म्हशी, तुज्या मालकिनीला म्हणावं, आधी दिसली तर ती पाणबुडी कसली?"

आता मी माझ्या कर्तृत्वाकडे येतो. कॉलेज सुटल्यावर मी एक जुना टेम्पो घेऊन बकऱ्यांच्या व्यापारात पडलो होतो. पडलो हा शब्द अगदी नेमका आहे. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, पितृपंधरवडा संपत आला होता, आणि मला चार बोकडं बेल्ह्याच्या बाजाराला न्यायची होती. मागच्या खेपेला एक बोकड आळेफाट्यावर टेम्पोतून उडी मारून पळालं होतं. या वेळी वरून काहीतरी झाकायला हवं होतं. कॅनॉल कोरडा, पाणी चार दिवसांनी सुटणार, आणि खांबावर जाळी नुसती टांगलेली. आबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी त्यांना विचारायचा त्रास दिला नाही. आदल्या संध्याकाळी जाळी काढून आणली. फाळांनी टेम्पोचा रंग खरवडला असता, म्हणून ते सोडून घरामागं टाकले. पहाटेच मी बेल्ह्याला गेलो.

त्याच सकाळी आवर्तन चार दिवस आधी सुटलं. पिकं वाळत होती, कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवून काढतात. पाणी आलं म्हटल्यावर वस्तीवरच्या बायका गोधड्यांची गाठोडी घेऊन कॅनॉलच्या पायऱ्यांवर गेल्या. त्यात माझी आई होती.

बेल्ह्याला गेलेली चारही बोकडं तशीच परत आणणारा तालुक्यातला पहिला व्यापारी म्हणून मी दुपारी परत येत होतो. कॅनॉलच्या पुलावर चढलो आणि खाली काठोकाठ भरलेलं पाणी दिसलं. खांबावरची जाळी माझ्या पाठीमागं बोकडांवर होती. आबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव चालू असतानाच काठानं बायका पळत येताना दिसल्या. सगळ्यांत पुढं आमची शेजारीण, पारूकाकी.

"दिल्या! तुजी आई गेली रं! गोधडी ओढाय गेली अन् गोधडीनं तिलाच ओढली!"

पाण्याच्या मधोमध एक लाल-हिरवी गोधडी हवा भरून फुगली होती, आणि तिच्या कडेला आईचं डोकं वरखाली होत होतं. ती गोधडी आईच्या आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. दुसऱ्या कुठल्याही माणसानं ती सोडून पायरी धरली असती.

मी टेम्पोतून उडी मारली ती थेट काठापर्यंत. मला पोहता येत नाही. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं तेव्हा मी डब्यासकट बुडालो, असा माझा गावात लौकिक आहे. तरीही मी पायातली चप्पल काढली. पारूकाकीनं माझी बखोट धरली. "तू कशाला मरतो? सायफन गाठ! आबा हाय तिथं, जाळी आसंल!"

जाळी तिथं नव्हती, हे त्या काठावर फक्त मला माहीत होतं.

कॅनॉल तिथून टेकडीला वळसा घालून सायफनाकडे जातो, रस्ता सरळ जातो. गाठलं तर सात-आठ मिनिटं पुढं पोचता येईल. मी टेम्पोत चढलो आणि पाण्याकडे न बघता निघालो. काही अंतर रस्ता आणि पाणी बरोबर चालतात. तिथं मला बघावं लागलं. आई माझ्याकडेच बघत होती. ओरडत नव्हती. मी गाडी तिच्या पुढं काढली.

आबा सायफनाच्या तोंडाशी एक लांब बांबू घेऊन उभे होते. सकाळपासून त्यांनी जाळी सगळीकडे शोधली होती, आणि सापडेना म्हटल्यावर जाळीच्या जागी स्वतःच येऊन राहिले होते. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी कधीच ओलांडली होती.

"आबा, आई पाण्यात—"

"कुठवर आली?"

"टेकडीच्या अलीकडं. जाळी टेम्पोत हाय."

आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदा. "काढ."

जाळी ओढली तशी चारही बोकडं उड्या मारून शेजारच्या मक्यात गेली. आबांनी खालचा दोर हातात घेतला आणि थांबले. "फाळ कुठंयत?"

"घरी."

"बिनवजनाची जाळी म्हंजी नुसता झेंडा रं! वरच्या वर फडफडंल अन् माणूस खालनं जाईल. लोखंड आण. काय आसंल ते आण."

मी धावत जाऊन सगळ्यांत जड वस्तू आणली. स्टेपनी.

"ती तरंगंल, शहाण्या! हवा हाय तिच्यात!"

मग जॅक आणला, चाक उघडायची टॉमी आणली, बोकडं बांधायची साखळी आणली. आबांची बोटं दिसत नव्हती इतक्या वेगानं चालत होती. साखळी खालच्या दोरात ओवली, जॅक मधोमध बांधला, दोन बारदानी पोत्यांत काठावरचे दगड भरून टोकांना लावले. प्रत्येक गाठ तीनदा ओढून बघत होते. मला किंचाळावंसं वाटत होतं की दोनदा पुरे. आबांनी वरच्या दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "पलीकडं जा."

पलीकडे जायला सायफनाच्या तोंडावरची वीतभर रुंद भिंत होती. मी ती चार पायांवर पार केली. खाली पाणी आवाज न करता आत जात होतं. पलीकडे पोचल्यावर समोर जी पहिली कडी दिसली तिला दोर बांधला आणि हात वर केला.

"ती न्हवं!" आबा गरजले. "वरची! धा पावलं वर! सरळ लावलीस तर मधी अडकंल, मधी कोण उतरणार? तिरपी लाव, ती आपसूक काठाला यील!"

ओल्या दोराची गाठ सुटेना. दात लावले. सुटली. वरच्या कडीकडे पळालो, तेवढ्यात वळणावर लाल-हिरवं काहीतरी दिसलं.

"आरिया!" आबा ओरडले. बोटीवरचा शब्द, सोडा, असा अर्थ. त्यांनी त्यांच्या काठावरून जाळी पाण्यात लोटली. प्रवाहानं ती पकडली आणि माझ्या हातातला दोर ओढला. मी तो मनगटाला गुंडाळायला लागलो.

"मनगटाला न्हाई! हात जाईल! कडीला दोन येढे दे!"

एक वेढा दिला. दुसरा दिला. कॅन पाण्यावर एका रेषेत तिरपे उभे राहिले. दोर इतका ताणला की त्यातून पाण्याचे थेंब उडायला लागले.

"आता दोरापासनं लांब हो!"

"मी धरतो की—"

"दिल्या, लांब!"

मी लांब झालो. गोधडी आली आणि जाळीवर आपटली. जाळीला पोट सुटलं, मधले तीन कॅन पाण्याखाली गेले. गोधडी तिथंच थांबली. आई दिसेना.

मी या काठावर, आबा त्या काठावर, आणि मधे ती गोधडी.  आबा फक्त कॅनकडे बघत होते. मग मधला कॅन वर आला आणि त्याच्या पुढचा खाली गेला. मग तो वर आला, त्याच्या पुढचा खाली गेला. जाळीला धरून काहीतरी आबांच्या काठाकडे सरकत होतं. आबा पालथे पडले, त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले, आणि हात वर आले तेव्हा त्यांत माझ्या आईचा अंबाडा होता.

"हबेस!" आबा म्हणाले. ओढा. ओढायला तिकडे दुसरं कुणी नव्हतं. ती आज्ञा त्यांनी स्वतःलाच दिली होती.

ती वीतभर भिंत मी परत येताना कशी ओलांडली ते मला आठवत नाही. मी पोचलो तेव्हा आई कुशीवर पडून पाणी ओकत होती. पारूकाकी आणि बायका येऊन तिला चोळायला लागल्या. आईनं डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "गोधडी धरली का न्हाई कुणी?"

पारूकाकी रडत रडत तिला एक चापट मारून म्हणाली, "मेले, तुज्या गोधडीला काडी लाव!"

तेवढ्यात अण्णा आले. शेतातून अनवाणी पळत आलेले, पायात काटे. आईला जिवंत बघितलं आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा तिच्यावर टाकला. तेव्हा कुठं त्यांची नजर रिकाम्या खांबावर गेली, मग टेम्पोवर, मग काठावरच्या जाळीत अडकलेल्या बोकडांच्या केसांवर.

"जाळी टेम्पोत कशी व्हती?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. त्यातून काय निघालं असतं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण माझ्याआधी आबा बोलले. "म्याच दिली त्याला. म्हणलं, पाणी चार दिसांनी यायचंय, घिऊन जा."

"तुमी दिली?" अण्णा त्यांच्याकडे वळले. "तुमी? सगळ्या गावाला दोरापासनं सरकिवता, अन् माज्या घरातलं माणूस जायच्या येळंला तुमी जाळी बोकडांवर घालाय दिली?"

"चुकलं," आबा म्हणाले.

मी तिथंच उभा होतो. तोंड अजून उघडंच होतं.

त्या दिवसापासून अण्णा आबांशी बोलले नाहीत. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर एकाच चंचीतला तंबाखू मळत बसायचे, ते बंद झालं. आई दोन्ही वेळचा डबा माझ्या हाती आबांकडे पाठवायची. अण्णा ते बघायचे आणि तोंड फिरवायचे. गावात बोलवा झाली की म्हाताऱ्याचं आता डोकं चालत नाही. पुढच्या वर्षी सायफनाला लोखंडी गज बसले आणि आबांना काठावर जायचं कामही उरलं नाही.

डबा देताना एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, तुमी का सांगितलं तसं?"

आबा भाकरी कालवत होते. "आईला पाण्यात बघून तू गाडी पुढं काढलीस," ते म्हणाले. "आमच्या बोटीवरनं एक गडी तारंसंगट खाली गेला तवा आमी चौघं त्याच्यामागं उड्या टाकाय निघालो व्हतो. आमच्या म्होरक्यानं, तांडेलानं अडिवलं, म्हणला, आधी तार थांबवा. ते लई अवघड आसतं. जो ते करतो, त्याला त्याच दिशी बापाच्या तोंडी द्यायचा न्हाई." मग घास तोंडात घालून म्हणाले, "सांगायचं आसंल तवा सांग. तुजं तू ठरीव."

मी ठरवलं. दसऱ्याला सांगायचं ठरवलं. दसऱ्याला पाहुणे होते, म्हणून दिवाळीला. दिवाळीत अण्णा खूश होते, कशाला बिघडवा. संक्रांतीला ते चिडलेले होते, कशाला वाढवा. पुढच्या वर्षी माझं लग्न निघालं. लग्नघरात असलं बोलू नये. मांडवात आबा एका कोपऱ्यात बसले होते, दोरापासून लांब, आणि अण्णा त्यांच्यासमोरून तीनदा गेले. हळद लागलेल्या अंगानं मी ते बघत होतो. मी फार विचारी माणूस आहे. दोन वर्षं विचारच करत होतो.

आबा गेले ते झोपेत, कुणाला न सांगता. अग्नी अण्णांनीच दिला. चेहरा दगडासारखा.

आमच्याकडे दहाव्याला घाटावर माइक लागतो आणि भाषणं होतात. गावातल्या एका पुढाऱ्यानं आबांची देशसेवा सांगितली, बोटीची शिंगं सांगितली, लोक हसलेही. मग तो म्हणाला, "आता शेवटी शेवटी वयोमानानं त्यांच्या हातून एक चूक झाली, पण मोठ्या माणसाची चूक आपण पोटात घालू—"

मी उठलो. माझं नाव भाषणाच्या यादीत नव्हतं. पुढाऱ्याच्या हातातून माइक घेताना त्याला वाटलं मी आभार मानणार. माइक आधी चिरकला. मग मी म्हणालो, "जाळी आबांनी दिली नव्हती. मी न विचारता काढली होती. फाळही मीच सोडले होते. आबांनी माझं नाव घेतलं नाही आणि मीही दोन वर्षं तोंड उघडलं नाही." आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण पुढचं काही सुचेना, म्हणून मी "जय हिंद" म्हणून खाली बसलो. कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला आईनं पदर तोंडावर घेतला.

अण्णा पाण्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. डोकं नुकतंच भादरलेलं, उघडं. सगळे पांगले तरी ते उठले नाहीत. मी जाऊन दोन पायऱ्या वर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की त्यांनी मला मारावं.



"अकरा दिसांपूर्वी बोलला आसतास," ते म्हणाले, "तर म्या त्यांच्याशी बोलून घेतलं आसतं."